केनियातलं थिऑलॉजिकल कॉलेज, इंग्लंडमधली मंडळी आणि मृत्युपत्रातले पैसे: सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार. इथे ख्रिस्ती विषयावर धागे क्वचितच निघतात. पण या प्रश्नाला हिशेबाची, इतिहासाची, ग्रंथालयाची अशा बऱ्याच बाजू आहेत आणि त्यातले जाणकार इथे आहेत, म्हणून विचारतो.

मी मूळचा नाशिकचा, सध्या इंग्लंडच्या मिडलंड्स भागात. आमच्या इथल्या अँग्लिकन चर्चचे केनियातल्या एका थिऑलॉजिकल (म्हणजे पाळक, ख्रिस्ती धर्मगुरू, घडवणाऱ्या) कॉलेजशी जुने संबंध आहेत. (निर्णय व्हायचाय, म्हणून कॉलेजचं नाव देत नाही.) संबंध म्हणजे नाताळात एक पत्र, ईस्टरला एक पत्र, मधूनअधून थोडे पैसे. यंदा मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतल्या) एक आजी वारल्या आणि मृत्युपत्रात त्यांनी बऱ्यापैकी रक्कम 'आफ्रिकेतल्या पाळकांच्या शिक्षणासाठी' ठेवली. ती कशी खर्चायची यावरून समितीत तीन तट पडलेत.

एक तट पुस्तकवाल्यांचा. इकडे चर्च बंद पडतायत, निवृत्त पाळकांची कपाटं रिकामी होतायत, तर कंटेनर भरून पाठवू या. दुसऱ्या तटाला तिकडचा एखादा हुशार विद्यार्थी इथे आणून एमए करवायचाय. त्याचा फोटो दारातल्या फलकावर लावता येईल हेही त्यात आहे, कोणी बोलत नाही इतकंच. तिसरे आमचे कोषाध्यक्ष. ते म्हणतात, मुद्दल बँकेत, व्याज दरवर्षी तिकडे.

समितीत मी एकटाच 'तिकडचा', त्यामुळे सगळे माझ्याकडे बघतात. नाशिक आणि नैरोबी त्यांच्या नकाशावर शेजारी असावेत. तुमचं मत सांगा.

आडवा प्रश्न

राग मानू नका, पण विचारतोच. हा पैसा फिरून धर्मांतरालाच जाणार ना? आणि दुसरं, आपल्याकडे नगर जिल्ह्यात खेड्यातल्या चर्चवरचे पत्रे गळतात असं तुमचेच लोक सांगतात. मग आफ्रिका कशाला?

नगरी नग

आडवा प्रश्न, पत्रे गळतात हे खरं. माझे वडील पाळक होते, बादल्या आम्हीच लावायचो. पण पैसे इंग्लंडमधल्या एका बाईंचे आहेत आणि त्यांनी 'आफ्रिका' असं लिहून ठेवलंय. मेलेल्या माणसाचा शब्द फिरवून तो पैसा नगरला आणायचा का? असा आला तर मी तरी घेऊ देणार नाही.

उगाली आणि पिठलं

नैरोबीत राहते, बरीच वर्षं झाली. धर्मांतराबद्दल आधी. २०१९ च्या जनगणनेत केनियातले ८५ टक्क्यांहून थोडे जास्त लोक ख्रिस्ती होते. इथली चर्च रविवारी ओसंडतात. धर्मांतर करायला शिल्लक कोण आहे? इथे तुटवडा आहे तो शिकलेल्या पाळकांचा. एकेका पाळकाकडे चार-पाच मंडळ्या असणं इथे नवलाचं नाही. बाकी सगळं जो उठेल, माईक घेईल आणि तंबू ठोकेल त्याच्या हातात.

२०२३ मध्ये किलिफी जिल्ह्यातल्या शाकाहोलाच्या जंगलात काय सापडलं ते आठवा. चारशेहून जास्त मृतदेह. उपाशी राहून देवाला भेटायचं, असं अनुयायांना शिकवल्याचा आरोप असलेल्या प्रचारकावर खटला भरला गेला. नंतर सरकारने धर्मसंस्थांवर देखरेखीसाठी समिती नेमली आणि प्रचारकांना किमान शिक्षणाची अट असावी का, यावर इथे रान उठलं. आमच्या इमारतीचा वॉचमनही त्यावर तावातावाने बोलायचा.

म्हणून पाळकांचं शिक्षण हा इथे ख्रिस्तेतर माणसाच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, गणपती बसवते.

आडवा प्रश्न

हे माहीत नव्हतं. तरी कॉलेजात शिकलेला माणूस असं करणार नाही याची हमी काय?

उगाली आणि पिठलं

हमी कसलीच नाही. डिग्रीवाले भोंदू आपल्याकडे कमी आहेत का? पण कॉलेजात गेलेल्याला निदान तीन वर्षं कोणीतरी उलटे प्रश्न विचारलेले असतात.

जुने कागद

गोदाकाठ, समितीच्या नकाशाला हसू नका. नाशिक आणि केनिया खरंच शेजारी होते.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असेल. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने गुलामांची अरबी गलबतं पकडली की सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात. त्यांतली बरीच चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन मिशन संस्थेच्या शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत येत. तिथे त्यांच्यासाठी आश्रमच होता. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकत. आफ्रिकेतला प्रसिद्ध संशोधक-प्रवासी लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईला आला तेव्हा या नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं त्याने शेवटच्या प्रवासासाठी घेतली. पुढे आणखी तुकडी गेली, तिच्यात जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा तिथे दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबने. शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं गेलं, त्याच्यासोबत तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

आता तुमच्या विषयाकडे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या बोलणीसाठी झांझिबारला गेले होते. त्यानंतर मोंबासाच्या समोरच्या किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांसाठी वसाहत झाली, तिचं नाव फ्रिअर टाउन. ती उभारायला चर्च मिशनरी सोसायटीने कोणाला धाडलं? शरणपूर ज्यांनी चालवलं त्या डब्ल्यू. एस. प्राइस यांना. आणि हाताशी कोण? नाशिक-मुंबईत शिकलेले आफ्रिकन. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. शिक्षक तेच, दुभाषे तेच, कारागीर तेच. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना बिशप हॅनिंग्टनने १८८५ मध्ये डीकनपदाची (पाळकपदाच्या आधीच्या पायरीची) दीक्षा दिली.

त्याच फ्रिअर टाउनमध्ये १९०३ साली पाळक घडवणारी डिव्हिनिटी स्कूल निघाली. १९३० मध्ये ती नैरोबीजवळ लिमुरूच्या थंड डोंगरावर गेली. १९५५ मध्ये अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट अशा मंडळ्यांचं ते संयुक्त कॉलेज झालं आणि २००७ मध्ये सेंट पॉल्स युनिव्हर्सिटी. (अवांतर: केनियातला पहिला चहा लिमुरूतच लागला आणि तोही १९०३ मध्येच.)

एक खटकणारी गोष्टही सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. फ्रिअर टाउनमध्ये या नाशिकच्या माणसांचे आणि गोऱ्या मिशनऱ्यांचे पगारावरून आणि मानावरून खटके उडत. काम यांचं, हिशेबाची वही त्यांच्याकडे. पैसा लंडनहून येत होता.

गोदाकाठ

जुने कागद, मी शरणपूरजवळच वाढलो आणि यातलं निम्मं आज कळतंय. हे समितीत वाचून दाखवणार. शेवटचा परिच्छेद तर आधी.

सुकेळी

वसईची आहे, कॅथलिक. आमच्याकडे हे काम मध्यवर्ती पद्धतीने चालतं. १८८९ मध्ये फ्रान्सच्या काँ शहरात स्टेफानी बिगार्ड आणि त्यांची मुलगी जान यांनी मिशन देशांतल्या सेमिनरींना (पाळक घडवणाऱ्या शाळांना) मदत करायला संस्था काढली, सेंट पीटर द अपॉसल सोसायटी. १९२२ मध्ये ती थेट पोपच्या अखत्यारीत आली. नायजेरियात एनुगूला 'बिगार्ड मेमोरियल' नावाची भली मोठी सेमिनरी आहे, ती याच बाईंच्या नावाने.

फायदा असा की सगळ्या जगातून वर्गणी एका ठिकाणी जमते आणि तिथून वाटली जाते. वसईतल्या म्हातारीचे दहा रुपये मलावीत पोचतात की व्हिएतनामला, ते तिला कळतही नाही. पूर्वी एकेक विद्यार्थी 'दत्तक' घ्यायची पद्धत होती. त्यात देणाऱ्याला बरं वाटतं, पण मुलाने मध्येच सेमिनरी सोडली की देणारा रुसतो! आणि मुलालाही ओझं, कोणीतरी परदेशातून आपल्या 'बोलावण्याची' (धर्मगुरू व्हायच्या देवाच्या हाकेची) वाट बघतंय म्हणून.

म्हणून फोटोवाल्या तटाला माझा विरोध नोंदवा.

बिबवेवाडी

पुण्यात सेमिनरीत शिकलोय, आता पाळकी करतो. माझा मुद्दा कडू आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला एका मिशन परिषदेत प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ ईस्ट आफ्रिकाचे सरचिटणीस जॉन गाटू उभे राहिले आणि म्हणाले, तुमचे मिशनरी परत बोलवा, निदान पाच वर्षं. पैसाही थांबवा. आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. अमेरिकन पाहुणचार घेत असताना हे बोलायला छाती लागते. १९७४ मध्ये लुसाकाच्या आफ्रिकन चर्च परिषदेत त्यावर रीतसर चर्चा झाली, मोरेटोरियम (तात्पुरती स्थगिती) या नावाने. जगभर आरडाओरड झाली. गाटूंची मंडळी म्हणजे वर जुने कागद यांनी लिमुरूच्या कॉलेजच्या भागीदारांत जी प्रेस्बिटेरियन सांगितली तीच.

उलट बाजूही आहे. १९५७-५८ च्या घानातल्या मिशनरी परिषदेत थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड निघाला. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांचे २० लाख डॉलर, तेवढेच मिशन मंडळांनी घालायचे. आशिया-आफ्रिकेतल्या किती तरी सेमिनरींचं ग्रंथालय आणि इमारती त्यातून झाल्या. मी ज्या पुस्तकांवर अभ्यास केला त्यांतल्या काहींवर त्या काळचे शिक्के होते. पुढे त्या फंडाचं संचालकपद तैवानच्या शोकी को यांच्याकडे आलं आणि मग प्रश्नच बदलला. किती इमारती बांधल्या हे मागे पडलं. तिथल्या मातीतून तिथलं शिक्षण उगवतंय का, हे विचारलं जाऊ लागलं.

म्हणून माझा साधा प्रश्न. तुमच्या तीन तटांपैकी एकाने तरी कॉलेजला विचारलंय का?

गोदाकाठ

विचारलं होतं. उत्तर आलं, 'आपण जे द्याल ते आम्ही कृतज्ञतेने स्वीकारू.'

बिबवेवाडी

झालं! असंच उत्तर येणार. माझ्या मंडळीला कोणी परदेशी विचारील तर मीही हेच लिहीन. घेणाऱ्याने पहिल्याच पत्रात 'आम्हाला पुस्तकं नकोत, पगार द्या' असं लिहायचं असतं का? त्याला माहीत असतं, नाही म्हटलं की तेही जातं.

धूळखात

महाविद्यालयीन ग्रंथपाल, निवृत्त. पुस्तकांबद्दल बोलायचा अधिकार आहे असं समजून.

दान आलेल्या पुस्तकांची मी आयुष्यभर धास्ती घेतली. एका मोठ्या देणगीत मला चार पेट्या जुने प्रवचनसंग्रह, एकाच शब्दकोशाच्या सहा प्रती आणि एक लग्नाचा अल्बम मिळाला होता. कोणी मरतं, घर आवरायचं असतं, फेकवत नाही, मग दान. तुमच्या कंटेनरचंही तेच होईल, चांगल्या हेतूने. आणि मोंबासा बंदरात तो सोडवून घेण्याचा खर्च, तिथून वर ट्रकने न्यायचा खर्च कोणाच्या माथी? बहुधा कॉलेजच्या. त्यानंतर नोंदणी. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, नोंद, लेबल. त्याला माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो.

पुस्तकंच द्यायची असतील तर यादी त्यांच्याकडून घ्या आणि शक्य ते नैरोबीतच विकत घेऊन द्या. आफ्रिकेतले प्रकाशक आहेत, त्यांचाही धंदा होऊ द्या. उदाहरणार्थ २००६ चं आफ्रिका बायबल कॉमेंटरी: एका खंडात सगळं बायबल, लिहिणारे ७० आफ्रिकन अभ्यासक. मिडलंड्समधल्या निवृत्त पाळकाच्या कपाटात ते सापडायची शक्यता कमी. सापडतील ते व्हिक्टोरिया राणीच्या काळचे भाष्यकार, त्यांना पावसाळी इंग्लंडबाहेरचं जग ठाऊक नाही.

जर्नलांसाठी तर पेट्या नकोतच. जेस्टोर हा जर्नलांचा ऑनलाइन संग्रह आफ्रिकेतल्या संस्थांना फुकट किंवा नाममात्र दरात मिळतो. जिनिव्हाच्या ग्लोबएथिक्सचं ऑनलाइन ग्रंथालय नाव नोंदवलं की मोफत. इंटरनेट रडत असेल तर ई-ग्रॅनरी म्हणून एक सोय आहे, लाखो पानं एका डिस्कवर भरून कॉलेजच्या आतल्या जाळ्यावर फिरवायची, बाहेरचं कनेक्शन लागतच नाही. सूचीसाठी 'कोहा' हे मोफत सॉफ्टवेअर, आपल्याकडेही किती कॉलेजं वापरतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. ते चालवणारा माणूस मात्र महिन्याच्या एक तारखेला पगार मागतो.

पुस्तकवेडी

धूळखात काका, लग्नाचा अल्बम कोणाचा होता? 😄

धूळखात

देणाऱ्याच्याच वडिलांचा. परत केला. 'ठेवा हो, संदर्भाला' म्हणाले.

चौकस

विद्यार्थी इकडे आणायच्या पर्यायाबद्दल लिहितो. मुलगा यूकेत शिकतोय, आकडे ताजे आहेत. परदेशी विद्यार्थ्याची फी स्थानिकाच्या काही पट. वर व्हिसा. वर आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ पौंड, आगाऊ. वर राहणं-खाणं. आणि जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या एमएला येणाऱ्याला बायको-मुलं आणता येत नाहीत, संशोधनाला येणाऱ्यांनाच ती मुभा. तिशी-पस्तिशीचा पाळक, घरी दोन-तीन लेकरं, त्याला एकट्याने वर्षभर इथे बसवायचं?

बिबवेवाडी

चौकस यांना अनुमोदन. शिवाय जो येतो तो परत जातोच असं नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. पीएचडी करवायचीच असेल तर आफ्रिकेतच करवा. घानात अक्रोपाँगला क्वामे बेडियाको यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली अक्रोफी-क्रिस्टालर संस्था आहे. नैरोबीत आहे, दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग आहे. पैसेही वाचतील आणि विषयही तिथलाच निघेल. इंग्लंडात आला की प्राध्यापकाला सोयीचा विषय घेतो, हे मी आमच्या सोबत्यांचं पाहिलंय.

आडवा प्रश्न

म्हणजे तीनपैकी दोन पर्याय तुम्ही लोकांनी झोपवले. उरले कोषाध्यक्ष.

उगाली आणि पिठलं

मला वाटतं कोषाध्यक्ष दिशेने बरोबर आहेत, पण 'व्याज पाठवू' एवढंच पुरेसं नाही. आमच्या शेजारी एक प्राध्यापक राहतात, अशाच एका कॉलेजात बायबलचा जुना करार शिकवतात. (तुमचं कॉलेज नाही, विचारून घेतलं.) काल चहाला बोलावून त्यांना तुमचा प्रश्न सांगितला. नाव न घालता लिहायची परवानगी घेतलीय.

ते म्हणाले, परदेशी पाहुणे येतात ते विचारतात, 'कोणती इमारत हवी?' इमारतीवर पाटी लावता येते. विजेच्या बिलावर पाटी कुठे लावणार? त्यांच्याकडे पाहुण्यांनी दिलेला सुंदर संगणक कक्ष आहे, आणि इंटरनेटचं बिल थकलं की तिथे मुलं परीक्षेचे पेपर पसरून अभ्यास करतात. पगार दोन-तीन महिने उशिरा होणं नेहमीचं. म्हणून ते स्वतः दुसऱ्या एका कॉलेजात तास घेतात, शनिवार-रविवार मंडळी सांभाळतात. प्रबंध तपासायचे कधी, तर मटाटूत, म्हणजे इथल्या वडापच्या मिनीबसमध्ये.

दुसरी गोष्ट. अशी बरीच कॉलेजं युनिव्हर्सिटी झाली. लिमुरूचं वर आलंच, युगांडात मुकोनोचं बिशप टकर कॉलेज १९९७ मध्ये युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी झालं. व्यापार, संगणक, पत्रकारिता हे विषय फी आणतात. पाळक व्हायला आलेला मुलगा फी कुठून आणणार? त्याला पाठवणारी मंडळीच मक्याच्या आणि चहाच्या पैशावर चालते. हप्त्याहप्त्याने एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची इथली सोय) भरतात, हजार आज, पाचशे पुढच्या महिन्यात. त्यामुळे युनिव्हर्सिटी वाढते आणि तिच्या पोटातली थिऑलॉजी वाळते.

जुने कागद

याला फार जुना दाखला आहे. सिएरा लिओनचं फोरा बे कॉलेज. १८२७ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने पाळक आणि शिक्षक घडवायला काढलं. पहिला विद्यार्थी सॅम्युएल अजायी क्राउदर, स्वतः गुलामीतून सुटलेला, १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप. १८७६ मध्ये कॉलेज डरहम युनिव्हर्सिटीला जोडलं गेलं आणि मग सगळ्या पश्चिम आफ्रिकेतून वकील-शिक्षक-कारकून होऊ पाहणारे तिथे येऊ लागले. म्हणजे थिऑलॉजीच्या अंगणात युनिव्हर्सिटी उगवणं हे नवं नाही, आणि सगळंच वाईटही नाही. त्या भागाला पदवीधर मिळाले ते त्यामुळेच.

खतावणी

सीए आहे, काही वर्षं यूकेतल्या धर्मादाय संस्थांचे हिशेब पाहिलेत. मुद्द्याचं लिहितो.

मृत्युपत्रात 'आफ्रिकेतल्या पाळकांच्या शिक्षणासाठी' असं असेल तर ती रक्कम बांधलेली. चर्चच्या छपराला वापरता येणार नाही, कोषाध्यक्षांना कितीही वाटलं तरी. ताळेबंदात वेगळी दाखवा.

समिती बहुधा गिफ्ट एडचा (देणगीवर यूके सरकार घालतं त्या भरीचा) हिशेब धरून बसली असेल. मृत्युपत्राच्या रकमेवर गिफ्ट एड नाही. ते हयात करदात्याने दिलेल्या पैशावर मिळतं, एक पौंडाला २५ पेन्स. म्हणून मंडळीतल्या लोकांनी पुढे दरमहा थोडं द्यायचं ठरवलं तर त्यावर जरूर घ्या.

परदेशी संस्थेला पैसे पाठवताना तो धर्मादाय कामालाच लागेल याची वाजवी खातरजमा तुमच्या विश्वस्तांनी केली पाहिजे, नाहीतर यूकेचं कर खातं सवलत काढून घेऊ शकतं. कॉलेजची नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब, संस्थेच्या नावाचं बँक खातं. प्राचार्यांच्या वैयक्तिक खात्यावर एक छदामही नको, प्राचार्य कितीही देवमाणूस असले तरी. उलट देवमाणसाला अडचणीत आणायचं नसेल तर मुळीच नको.

बिबवेवाडी

भारतातून मला थोडे पैसे पाठवायचे असतील तर? एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आडवं येतं का?

खतावणी

एफसीआरए बाहेरून आत येणाऱ्या पैशाला. तुम्ही आतून बाहेर पाठवताय. वैयक्तिक माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली देणगी पाठवता येते, वर्षाला सगळे व्यवहार मिळून अडीच लाख डॉलरची मर्यादा. बँकेत फॉर्म, पॅन, कारण लिहायचं. एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाख रुपयांच्या पुढे गेलात तरच बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते, तो विवरणपत्रात वळता होतो. पाळकाच्या पगारात ती चिंता नसावी. ८०जीसारखी सवलत मिळणार नाही.

पण तुमच्या मंडळीच्या ट्रस्टमधून पाठवू नका. भारतातल्या धर्मादाय संस्थेने उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्या रकमेची करसवलत जाते, आधी खास मंजुरी नसेल तर.

नगरी नग

मला आपल्याकडचं एक उदाहरण द्यायचंय, कारण इथे सगळे 'मुद्दल की व्याज' यावर अडलेत आणि मुदतीबद्दल कोणी बोललं नाही.

पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत हिंडून पैसा उभा केला तेव्हा १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं. त्यांनी कायमचा शब्द दिला नाही. दहा वर्षं खर्च चालवू म्हणाले. त्या भरवशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. इथे सल्लागार समिती होती, रानडे, भांडारकर वगैरे. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून वादळ झालं, सल्लागारांनी अंग काढून घेतलं, बोस्टनहून बाई चौकशीला पुण्यात आल्या. आणि बोस्टनने पैसा थांबवला नाही! दहा वर्षांचा शब्द पाळला. मुदत संपल्यावर नव्याने विचार केला.

त्या दहा वर्षांत रमाबाईंना दर जानेवारीत 'यंदा मिळेल का' असं विचारावं लागलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. मध्ये दुष्काळ पडला, प्लेग आला, बाई कामाचा पसारा वाढवत गेल्या. गळक्या पत्र्यांच्या घरात वाढलेली असल्यामुळे सांगते, कमी पैसे पण ठरलेले, हे जास्त पण लहरीने, याहून कितीतरी बरे असतात. वडिलांचा पगार ज्या वर्षी वाढला त्याच वर्षी मिशनची मदत तुटली होती, आणि आम्हाला ते सहामाहीत कळलं. शाळेची फी भरून झाल्यावर.

सुकेळी

नगरी नग, टाळ्या. गोदाकाठ, हा प्रतिसाद जुने कागद यांच्याबरोबर समितीत वाचा.

उगाली आणि पिठलं

मुदतीबरोबर चलनाचाही विचार करा. जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला १६० च्या आसपास केनियन शिलिंग होते, दोन-तीन महिन्यांत १३० वर आले. परदेशी मदतीवर पगार देणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पौंडात ठरवलंत तर चढउतार कॉलेजच्या अंगावर, शिलिंगात ठरवलंत तर तुमच्या. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने तो सोसावा, असं मला वाटतं.

प्राध्यापकांना शेवटी विचारलं, तुमच्या हातात असतं तर काय मागितलं असतं? जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ग्रंथपालाचा पगार आणि इंटरनेट, पाच वर्षं. बाकी आमचं आम्ही बघू.

धूळखात

ग्रंथपालाचा पगार मागणारा प्राध्यापक! त्यांना माझा नमस्कार सांगा.

आडवा प्रश्न

देखरेख कोण करणार पण? पाच वर्षांचा शब्द दिला आणि दुसऱ्या वर्षी घोटाळा झाला तर?

खतावणी

शब्दातच लिहून ठेवायचं. लेखापरीक्षित हिशेब वेळेत आला नाही तर पुढचा हप्ता थांबेल, रद्द होणार नाही. हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. मात्र वीस पानी फॉर्म पाठवू नका. कॉलेजचा जो वार्षिक हिशेब असतोच तो मागा. छोट्या देणगीदारांचे दहा वेगवेगळे फॉर्म भरण्यात तिथल्या कारकुनाचा महिना जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

बिबवेवाडी

आणि उलटा हिशेबही द्या. तुमच्या मंडळीत काय चाललंय, किती लोक येतात, कोणतं चर्च बंद झालं, हे त्यांना कळवा. त्यांच्याकडे जागा पुरत नाही, तुमच्याकडे बाकं रिकामी. तुमच्यासाठी प्रार्थना करायला त्यांना कारण तरी मिळेल.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली.

शरणपूरचं वाचून दाखवल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग एक बाई म्हणाल्या, 'म्हणजे तुमच्या गावाने आमच्याआधी सुरू केलं.' त्यावर मी चहा घेतला, उत्तर दिलं नाही.

कंटेनर बारगळला. पुस्तकवाल्यांचा तट अजून नाराज आहे, त्यांच्यासाठी 'यादी मागवून नैरोबीत खरेदी' एवढी सोय ठेवलीय. एमएचा विषय चौकस यांच्या आकड्यांनी संपला. कॉलेजला नवीन पत्र जातंय आणि या वेळी प्रश्न असा: 'गेल्या तीन वर्षांत कोणता खर्च भागवणं सर्वांत अवघड गेलं?' बिबवेवाडी, मसुदा तुम्हाला व्यनि करतो, इंग्रजीतला साहेबी सूर काढून द्या.

पाच वर्षांचा शब्द तत्त्वतः मान्य झाला. मुद्दलातूनही खर्च करायचा, व्याजावर अडून बसायचं नाही, हेही. शिलिंगात ठरवण्यावर मात्र कोषाध्यक्ष अजिबात हलेनात. पुढच्या बैठकीत पुन्हा काढतो.

उगाली आणि पिठलं

त्यांना विचारा, घरचं वीजबिल ते कोणत्या चलनात भरतात.

खतावणी

गोदाकाठ, कोषाध्यक्षांना मधला मार्ग सुचवा. दर वर्षाच्या सुरुवातीला त्या वर्षापुरता शिलिंगातला आकडा पक्का करायचा, आणि पाच वर्षांच्या एकूण पौंडांना वरची मर्यादा घालायची. चढउताराला थोडी रक्कम बाजूला. पत्र जाण्याआधी हे ठरवा, नंतर नको.

गोदाकाठ

हे चालेल असं वाटतंय. मर्यादेचा आकडा काढायला तुमची मदत लागेल. व्यनि केलाय.